मुलाचा खेळ कोणाचा?

लहान मूल खेळते तेव्हा ते नेमके काय करीत असते? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचे जे उत्तर आपण मनाशी धरतो त्यावर आपल्या मुलांचे बालपण ठरते. 'वेळ वाया घालवते' असे म्हणणारे पालक मुलाला खेळातून उठवून अभ्यासाला बसवतात. 'खेळता खेळता शिकते' असे म्हणणारे पालक त्याला खेळू देतात. मात्र त्यांचीही दृष्टी पुष्कळदा खेळाकडे नसून त्यातून निघणाऱ्या लाभाकडे असते. दोन्ही उत्तरांत मूल उद्याच्या हिशेबात धरलेले आहे. आज आपल्यासमोर उभ्या असलेल्या मुलाचा आपल्यावर काही हक्क आहे की नाही, हा यातील खरा नैतिक प्रश्न होय.

हा प्रश्न आजचा नाही. इसवी सन ३५४ मध्ये जन्मलेल्या संत अगुस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात शाळेतील दिवसांचे वर्णन केले आहे. चेंडू खेळण्यात रमल्यामुळे अभ्यास मागे पडला म्हणून त्यांना मार बसे. मोठ्यांचे खेळ मात्र कामकाज या भारदस्त नावाने मिरवतात, असा टोला त्यांनी हाणला आहे. मारणारे गुरुजी स्वतः एखाद्या क्षुल्लक वादात सहकाऱ्याकडून हरले, तर चेंडूच्या खेळात हरलेल्या मुलापेक्षा अधिक जळफळत, हेही सांगायला ते विसरत नाहीत. त्याच ग्रंथात ते दोन भाषांची तुलना करतात. लॅटिन भाषा ते दायांच्या कौतुकात आणि थट्टामस्करीत, कोणत्याही धाकाविना शिकले. ग्रीक भाषा छडीच्या भयाने शिकावी लागली आणि ती कडू झाली. मुक्त कुतूहल हे सक्तीपेक्षा श्रेष्ठ शिक्षक आहे, असा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता.

आपल्या परिसरातही या विचाराची मोठी परंपरा आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बाईच मुलांच्या अंगणात गेल्या आणि त्यातून 'अंगणवाडी' उभी राहिली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य चालले. महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा पाने, फुले, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. शिकण्यासाठी लागणारे सारे मुलाच्या अवतीभवती असते, केवळ ते पाहणारे मोठे माणूस हवे, हे या दोघींनी आयुष्य वेचून सिद्ध केले.

आता आपल्या घरात डोकावू या. वाल सोलताना मूल शेजारी येऊन बसते. दाणे आणि साले वेगळी करते, दाण्यांची रांग लावते, मध्येच विचारते, 'यात झाड कुठे लपलंय?' इथे दोन वाटा फुटतात. 'हे किती दाणे आहेत? रंग कोणता?' असे आपण विचारू लागलो, तर ती परीक्षा होते. कारण उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते आणि मुलालाही ते कळते. उलट, 'आपण एक पेरून पाहू या का?' असे म्हटले, तर तो संवाद होतो. संवादात दोघांनाही पुढचे ठाऊक नसते. ज्याचे म्हणणे ऐकावयाचे असते त्यालाच आपण खरोखरीचा प्रश्न विचारतो. म्हणून मुलाशी बोलणे हा त्याला माणूस म्हणून दिलेला मान आहे.

हे बोलणे कोणत्या भाषेत व्हावे? वसईतील कित्येक घरांत आजी-आजोबा सामवेदी वा वाडवळी बोलतात आणि आईवडील मात्र बाळाशी तुटक इंग्रजीत चार शब्द बोलून थांबतात. हेतू चांगला असतो. परंतु ज्या भाषेत आपल्याला रागावता, हसवता, गोष्ट रंगवता येते, ती बाजूला ठेवली की मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञा उरतात. इंग्रजी शाळेत येईलच. आजीची गोष्ट मात्र आजीबरोबर जाते.

वाचनाचेही तसेच. मूल एकच पुस्तक रोज मागते आणि आपण कंटाळतो. ते नवी माहिती मागत नसते; ठाऊक असलेली गोष्ट आपल्या आवाजात, आपल्या कुशीत पुन्हा घडावी असे त्याला वाटत असते. विरारची गाडी पकडून रात्री थकून परतणाऱ्या पालकाला हे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु मोबाइल हाती देऊन मिळालेली शांतता आणि दहा मिनिटे एकत्र पान उलटणे, यांत फरक आहे.

कोणी विचारील, 'खेळून पोट भरते का? स्पर्धेच्या युगात आमचे मूल मागे पडले तर?' ही काळजी खोटी नाही. अक्षरे आणि अंक यांची वेळ येते आणि ती आलीच पाहिजे. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ पायाभूत मानून खेळावर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तथापि केवळ एवढ्याच आधारावर खेळाचे समर्थन करणे आम्हांस अपुरे वाटते. जे मूल सावकाश शिकते, ज्याची बुद्धी कधीच वयाबरोबर वाढणार नाही, त्याचे काय? खेळाचे मोल त्याच्या फळावर ठरवले, तर त्या मुलाचा खेळ निरर्थक ठरतो आणि हळूहळू ते मूलही. समारंभात त्याला घरी ठेवणारी कुटुंबे आपल्यातच आहेत.

म्हणून पालकहो, मूल खेळातून शिकते हे खरे असले तरी त्यासाठीच त्याला खेळू द्यावे असे नाही. ते आपल्या हाती सोपवलेले आहे, आपल्या मालकीचे नाही. म्हणून त्याला खेळू द्यावे. ते शिकेल, बहुधा भरपूर शिकेल. पण आज संध्याकाळी ते खडे घेऊन आपल्यापाशी आले, तर ते मोजायला न लावता प्रथम त्याच्याजवळ खाली बसावे आणि ते काय सांगते ते ऐकावे.