आपण पाहायचं असतं



दार उघडलं की घरातलं कुत्रं शेपटी हलवत धावत येतं. आपण त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि कामाला लागतो. आज तो हात थोडा वेळ तिथेच राहू द्या. कानामागे जाऊ द्या. गळ्यातल्या पट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात फिरू द्या. पावसाळ्यात गोचीड नेमकी तिथेच दडते. आधी तिळाएवढी असते, रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते. तिच्यामुळे कुत्र्याला ताप येतो, अन्न तुटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. त्याला सांगता येत नाही. आपण पाहायचं असतं.

उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्ता भाजतो. चप्पल आपल्या पायात असते, कुत्र्याच्या नाही. तरी ते मुकाट्यानं मागे येतं. आपण पाहायचं असतं.

माया करणं सोपं आहे, मंडळी. लक्ष ठेवणं रोजचं असतं, कधी कंटाळवाणंही असतं. पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्यापर्यंत आपलं प्रेम लक्षातूनच पोचतं. पाळण्यातलं बाळ असो, की अंथरुणाला खिळलेले आजोबा. त्यांनाही सगळं कुठे सांगता येतं? आपण पाहायचं असतं.

आणि हो, रेबीजची लस एकदा टोचली म्हणजे आयुष्यभर पुरत नाही. तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड आज काढून बघा. तारीख उलटून गेली असेल, तर दवाखाना उघडताच त्याला घेऊन जा.