सरळ कड

लेकीला सातवा महिना लागला, तेव्हा मी हौसेनं क्रोशाची सुई हातात धरली. बाळासाठी मऊ सुती दोऱ्याचं दुपटं विणायचं होतं. शेजारच्या अक्कांनी साखळी नि खांब शिकवले. १०० खांबांनी सुरुवात केली. दोरा इतका ओढून धरायची, की पुढच्या ओळीला सुई आत शिरेना! तरी नेटानं १८ ओळी झाल्या. जमिनीवर पसरून बघते, तर दोन्ही कडा आत झुकलेल्या. मोजले, तर खांब ८३! ओळ वळताना घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे एक खांबच. परतताना त्याच्या डोक्यावरही टाका घालायचा असतो. तो मी दर ओळीला सोडत होते.

पहिला विचार आला तो झाकायचा. पुढं गुपचूप खांब वाढवावेत, भोवती जाड झालर लावावी. कोण मोजणार आहे?

दशलक्षण पर्व चालू होतं. तिसऱ्या दिवशी बस्तीत उत्तम आर्जवावर प्रवचन झालं. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणं. दरवर्षी ऐकते, मान डोलावते. त्या दिवशी मात्र ती झालर डोळ्यांपुढून हलेना. घरी येऊन सगळं उसवलं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं. पण येईल-जाईल त्याला मी सांगू लागले, "१८ ओळी उसवल्या हो!" अक्का हसून म्हणाल्या, "उसवलंस ते बरं केलंस की. पण गावभर सांगत कशाला फिरतेस?"

मी गप्पच झाले. कपट उसवलं, आणि त्याच दोऱ्यानं मान विणायला बसले! मार्दवाचं प्रवचन तर आदल्याच दिवशी ऐकलं होतं.

मग दोष सांगायचा तरी कशासाठी? आपण किती सरळ आहोत, हे दाखवायला नव्हे. ज्याला त्याची झळ लागणार, त्याला कळावं म्हणून. तेवढ्यापुरतं सांगावं नि थांबावं.

दुसऱ्यांदा विणलेलं दुपटं पुरं झालं. कडा बऱ्यापैकी सरळ आल्या, पण अकराव्या ओळीत एक खांब सुटून भोक राहिलं. लेकीला तेवढी जागा दाखवून ठेवली, बाळाचं बोट तिथं अडकू नये म्हणून.