हे कोणी ठरवलं?

तुळजापूर

चि. ताईस,


तुझी ऑर्डर आली, लोहारा तालुक्यातली शाळा मिळाली आणि नववी-दहावीचा इतिहास व राज्यशास्त्र तुझ्याकडे आलं, हे दादाने फोनवर सांगितलं. राज्यशास्त्राचा तास म्हटला की पोरं पेंगतात, काय करू, असा तुझा प्रश्नही त्यानेच पोचवला. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात जास्त गुण इतिहासाचे, म्हणून बहुतेक शाळांत इतिहास आधी. तो संपेपर्यंत डिसेंबर उजाडतो. मग 'संविधानाची वाटचाल'पासून 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने'पर्यंतची पाच प्रकरणं गाईड पुढ्यात ठेवून उरकली जातात. टिपा लिहा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान चूक की बरोबर ते सकारण सांगा. अशा घाईत कोण जागं राहील? तू राज्यशास्त्र जूनमध्येच काढ. आठवड्याचा एक तास त्याला बांधून टाक आणि तो कोणालाही उसना देऊ नकोस, गणिताच्या सरांना तर मुळीच नको.

आणि सुरुवात उद्देशिकेने करू नकोस. उद्देशिका त्यांना येते. रोज परिपाठाला म्हणतात, मागच्या रांगेतला पोरगा तर डोळे मिटून म्हणतो. तू फळ्यावर दोन शब्द लिही: उस्मानाबाद, धाराशिव. वर्गात लगेच गलका होईल, कारण घरोघरी यावर मतं आहेत. गलका होऊ दे. मग विचार: हे कोणी ठरवलं? कोणत्या अधिकारात? आणि ज्याला पटलं नाही, त्याने कुठं जायचं?

माझ्या मते आपला सगळा विषय या तीन प्रश्नांत बसतो. नावाचंच बघ. 29 जून 2022 ला राज्याच्या मंत्रिमंडळाने नामांतराचा ठराव केला, आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यानंतर असा निर्णय घेता येतो का, अशी शंका निघाली आणि नव्या सरकारने जुलैत तोच निर्णय पुन्हा घेतला. तेवढ्याने नाव बदललं का? नाही. केंद्राची ना-हरकत लागली, ती फेब्रुवारी 2023 मध्ये आली. जिल्ह्यासाठी हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि सप्टेंबर 2023 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. ज्यांना मान्य नव्हतं ते उच्च न्यायालयात गेले. मे 2024 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. मंत्रिमंडळ, राज्यपाल, केंद्र-राज्य संबंध, राजपत्र, न्यायालयीन पुनर्विलोकन हे सगळं एका पाटीत आलं की नाही? पाटी एसटी स्टँडवरचीच आहे.

एखादं चुणचुणीत पोर विचारेल, मग 2024 च्या लोकसभेला मतदारसंघाचं नाव उस्मानाबादच कसं होतं? नाही विचारलं तर तूच विचार. मतदारसंघांची नावं आणि हद्दी परिसीमनाच्या आदेशात असतात, तो अधिकार वेगळा. म्हणून तर आपल्या लोकसभेत लातूर जिल्ह्यातलं औसा आणि सोलापुरातली बार्शीसुद्धा येते. महसुलाचा जिल्हा निराळा, मताचा निराळा. हे एकदा समजलं की पोरं सरकार या शब्दाला एकच एक माणूस समजणं सोडतात.

नाव बरोबर की चूक, यावर मात्र तुझं मत वर्गात सांगू नकोस. तू कोणाला मत देतेस हेही त्यांना वर्षभर कळता कामा नये. फळ्यापुढे उभं राहणाऱ्याच्या मताला पोरांच्या लेखी फार वजन असतं.

आपल्या जिल्ह्यात हा विषय शिकवायला एक मोठी सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला नाही. ज्याला पटलं नाही त्याने कुठं जायचं, या तिसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच नव्हतं, तो काळ अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. 9 डिसेंबर 1946 ला दिल्लीत संविधान सभा भरली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. इथला कोणीही त्या सभागृहात नव्हता. 15 ऑगस्ट 1947 आपल्याकडे कोरडाच गेला. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद शरण आलं. आणि 23 नोव्हेंबर 1949 ला, संविधान स्वीकारलं जाण्याच्या तीन दिवस आधी, निजामाने फर्मान काढून भारताचं संविधान हेच हैदराबादचंही संविधान असेल असं जाहीर केलं. कालपर्यंत ज्याचं फर्मान हाच कायदा होता, त्याचं हे फर्मान. 26 जानेवारी 1950 पासून तोच निजाम संविधानाखालचा राजप्रमुख झाला, ते पद 1956 पर्यंत राहिलं. आणि 1952 च्या निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्या मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या. घरी जुनं माणूस असेल तर त्यांच्याकडून ऐकून आणा, असा गृहपाठ दे. सगळ्यांना मिळणार नाही, पण चौघांनी आणलं तरी तास भरतो.

तुझ्या तालुक्यातलं हिप्परगा तर मुद्दाम दाखव. 1921 मध्ये तिथं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी त्या शाळेत शिक्षक होते. आणि एक सहल कसबे तडवळ्याला काढ. फेब्रुवारी 1941 मध्ये तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला बाबासाहेब आंबेडकर आले होते. एका खेड्यात आलेला तो माणूस साडेसहा वर्षांनी मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. कलम 17 तिथं उभं राहून वाच. गावच्या पाणवठ्याचा विषय निघाला तर कलम 15 चा दुसरा भागही वाच. त्यात विहिरी, तलाव, घाट असे शब्द चक्क लिहिलेले आहेत. अस्पृश्यतेवर मात्र दोन बाजूंचा वादविवाद ठेवू नकोस. काही प्रश्न देशाने निकालात काढलेत, ते पोरांपुढे पुन्हा मताला टाकायचे नसतात.

आरक्षणाचा प्रश्न येणारच. धाराशिवच्या शाळेत तो आला नाही, तर पोरं तुला घाबरतात असं समज. टाळू नकोस. आधी 15(4) आणि 16(4) मराठीतून वाचून दाखव. मग 1992 चा इंद्रा साहनी निकाल, मे 2021 चा मराठा आरक्षण रद्द करणारा निकाल, फेब्रुवारी 2024 चा दहा टक्क्यांचा कायदा, सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटियरवर आधारलेला शासन निर्णय, असं क्रमाने मांड. बाकावर मराठा, ओबीसी, बौद्ध, मातंग, लमाण, मुसलमान शेजारी शेजारी बसलेले असतात. 'तुमच्यामुळं' हा शब्द वर्गात चालणार नाही, एवढा एकच नियम घाल. ज्याला बोलायचंय त्याने आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं तिला मान्य होईल असं सांगावं, मग स्वतःचं. आवाज आपोआप खाली येतो. मी हे बरीच वर्षं केलं, भांडण झालं नाही असं नाही, पण शाळेबाहेर गेलं नाही.

आता ग्रामसभा. हे मी सगळ्यांत जास्त आग्रहाने सांगते. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू, एवढं वाक्य पाठ करून पोराला काहीच मिळत नाही. त्याला सभेला ने. अठरा पूर्ण नसल्यामुळं पोरं सभासद नाहीत, हात वर करता येणार नाही. सरपंचांना विचारून मागे सतरंजीवर बसव. आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस वहीत उतरवून घ्यायला लाव. सभेत काय होतं ते त्यांचं त्यांना दिसेल. शिपाई रजिस्टर घेऊन दारात बसलेला असतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो कोरम. पारावर माणसं तंबाखू मळत बसलेली असतात, आत येत नाहीत. बाया आल्याच तर दाराशी पदर सावरून बसतात. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीवरून त्यांचे यजमानच उत्तरं देत असतात. तेवढ्यात कोरमअभावी सभा तहकूब. पोरं परत येऊन चिडून विचारतात, बाई, तहकूब सभेत मग कोणीच नसलं तरी ठराव होतो? तो तास तुला शिकवावा लागणार नाही.

त्यांना प्रोसिडिंगही बघू दे. गेल्या सभेत आपल्या वस्तीच्या रस्त्याचं काय लिहिलंय, कोण सूचक, कोण अनुमोदक. बापाचं नाव अनुमोदक म्हणून सापडलं की पोरगं घरी जाऊन विचारतं. दहा रुपयांच्या अर्जावर माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं, हेही त्याच ओघात सांग.

दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी होतील. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरंही जातात. आणि नववी-दहावीतली एखादी मुलगी सुट्टीनंतर येत नाही, मैत्रिणी खाली बघतात. कलम 21क शिकवताना या बाकांकडे बघून शिकव, मात्र त्याची हद्द चौदा वर्षांपर्यंतच आहे हेही लपवू नकोस. मुलीचं लग्न अठराच्या आत झालं तर तो गुन्हा आहे आणि गावात ते थांबवण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावर, आहे, हे मुलींना आणि मुलांनाही ठाऊक हवं. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव. कोणी लाव म्हणून सांगायची वाट बघू नकोस.

शालेय मंत्रिमंडळाचं थोडक्यात. गुप्त मतदान घे, मतपेटी पोरांसमोर उघड, आणि निवडून आलेल्यांना खरोखर काहीतरी ठरवू दे: खेळाच्या साहित्याचे पैसे कशावर खर्च करायचे, एवढं जरी. ठरवायला काही नसेल तर निवडणूक घेऊच नकोस, मुलांना वाटायचं मत म्हणजे नाटक.

गुणांची काळजी करू नकोस. ज्याने कोरमचा घोळ डोळ्यांनी पाहिला तो 'सकारण सांगा'ला कारण लिहितो, आणि तपासणाऱ्याला गाईडचं उत्तर व पोराचं उत्तर यातला फरक पहिल्या ओळीत कळतो. कोणी तक्रार केली की तू राजकारण शिकवतेस, तर पाठ्यपुस्तक उघडून दाखव. त्यात 'राजकीय पक्ष' नावाचं अख्खं प्रकरणच आहे.

स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभा असते, नोटीस आठवडाभर आधी लागते. मुख्याध्यापकांची आणि सरपंचांची परवानगी जुलैतच घेऊन ठेव.

तुझी,
आत्या