नांगराची परीक्षा

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या हलाखीसोबत उपायही सांगितले. त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो: शेतकऱ्याच्या मुलाने शाळेची परीक्षा द्यावीच, पण नांगर हाकण्याचीही द्यावी. हातातली विद्या पारखून घ्यायची, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

राहुरीला कृषी विद्यापीठ झालं १९६८ मध्ये. पुढे त्याला फुल्यांचंच नाव मिळालं. काळ हरितक्रांतीचा होता. विद्यापीठात वाण तयार करायचं आणि बांधापर्यंत पोचवायचं. ज्ञान पाटाच्या पाण्यासारखं वरून खाली वाहणार, हीच समजूत. १९९२ मध्ये रंधावा समितीने पदवीच्या शेवटच्या टप्प्यात विद्यार्थ्यांना गावात कार्यानुभवासाठी पाठवायची शिफारस केली. पुढे या विद्यार्थ्यांसाठी ‘कृषिदूत’, ‘कृषिकन्या’ हे शब्द अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांतही रुळले. दूत म्हणजे निरोप आणणारा. नावात ती जुनी समजूत राहिलीच.

ती बदलते शेतात. माती परीक्षणाचा नमुना घ्यायला एक कृषिकन्या कुदळ घेऊन उभी होती. व्ही आकाराचा खड्डा, चार ढीग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, सगळं तिला पाठ. खत साठवलेल्या जागेची माती घ्यायची नाही, हेही. तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, “अगं पोरी, तिथली नको घेऊ. तिथं आमचा जुना उकिरडा होता.” नियम पुस्तकात होता, उकिरड्याची जागा आजींच्या आठवणीत.

मोबाईलचंही तसंच. विद्यापीठाचं ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे ॲप माती, पीक आणि हवामान पाहून पाणी किती द्यायचं ते सांगतं. फार कामाची गोष्ट आहे ही. मात्र ॲपमध्ये भरायची माहिती खरी हवी. ड्रिपर कागदावर तासाला चार लिटरचा. क्षार धरून तो निम्मंही देत नसेल. त्याच्याखाली भांडं ठेवून, घड्याळ लावून, मापून पाहणारा विद्यार्थीच ते ॲप नीट वापरू शकतो. पुढचे प्रश्नही त्यालाच सुचतात: या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची? मुळा कालव्याचं आवर्तन कधी? मोटार लावल्यावर विहीर किती वेळ टिकते? हे विचारता येणं, हेच मला खरं कौशल्य वाटतं. तंत्रज्ञान आल्याने त्याची गरज वाढली आहे.

म्हणून मला वाटतं, ज्याच्या शेतावर मुलं राबतात, त्या शेतकऱ्याच्या हातीही परीक्षेचे काही गुण असावेत. केवळ प्रात्यक्षिक वहीवरून आणि फोटोंवरून हे कौशल्य जोखता येत नाही. दुसऱ्या वावरात गेल्यावर त्या कृषिकन्येने कुदळ खाली ठेवली आणि आधी आजींना हाक मारली. तिच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.