नित्याचे औषध आणि दामाजीपंतांचे कोठार



शास्त्रात कर्माचे भेद सांगताना नित्य आणि नैमित्तिक हे दोन शब्द जोडीने येतात. पाठशाळेत आमच्याकडून हे घोकून घेतले होते. काही निमित्त घडले म्हणजे करायचे ते नैमित्तिक. ग्रहण लागले, स्नान केले. नित्य म्हणजे रोजचे. गुरुजी त्याचा एक विशेष बोट वर करून सांगत. नित्य कर्म केल्याने वेगळे पुण्य गाठी लागत नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय लागतो, म्हणजे दोष लागतो. त्या वयात मला हा व्यवहार मोठा तोट्याचा वाटे. केले तर काही मिळत नाही, आणि चुकले तर दोष! पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून हाच भेद मी लोकांना समजावला. तो मला स्वतःला कळला मात्र दोन वर्षांपूर्वी, एका रक्तदाबाच्या गोळीमुळे.

आमच्या दिंडीत एक विणेकरी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तीस वर्षे माझ्या कीर्तनात ते मागे उभे राहिले. वीणा खाली ठेवायचा नाही हा नेम त्यांनी तापातही मोडला नाही. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. त्यांना रक्तदाब निघाला, पाठोपाठ साखर निघाली. डॉक्टरांनी रोज तीन गोळ्या सांगितल्या, आणि त्या जन्मभर घ्यायच्या म्हणून बजावले. पहिले काही महिने त्या नीट चालल्या. मग एक दिवसाआड झाल्या. पुढे डोके गरगरले तरच एखादी. मार्गशीर्षात काकड्याला उभे असताना त्यांची डावी बाजू गेली. वीणा पडला नाही, शेजारच्या टाळकऱ्याने तो वरच्यावर धरला, विणेकरी पडले.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या कारभारणीने सांगितले, "महाराज, गोळ्या का घेत नाही म्हणून मी विचारलं की हे म्हणायचे, महाराजांनीच कीर्तनात सांगितलंय, गोळ्यांवर जगण्यापरीस नामावर जगावं."

ते वाक्य माझेच होते. देह नश्वर हे निरूपण करताना मी ते फेकीत असे. श्रोते हसत, टाळ वाजत, आणि मलाही बरे वाटे. त्या गृहस्थांचा माझ्या वाक्यावर विश्वास होता असे मला वाटत नाही. ते शहाणे आहेत. पैसे पुरत नव्हते, आणि ते बायकोला सांगायची लाज वाटत होती. लाज झाकायला त्यांना एक वाक्य हवे होते, ते मी पुरवले. त्या दिवसापासून ते वाक्य मी कुठे उच्चारले नाही. आता कीर्तन थांबवले आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

यावर पूर्वपक्ष असा येईल की रोग हा प्रारब्धाचा भोग आहे, तो भोगूनच संपवायचा. त्यात सरकारने, समाजाने काय करायचे? हे मत मी स्वतः सप्ताहातून मांडले आहे, तेव्हा त्याचे खंडनही मीच केले पाहिजे. रोग प्रारब्धाने आला असे एक वेळ मानू. पण गोळीचा भाव प्रारब्ध ठरवीत नाही, तो माणसे ठरवतात. कारखान्यातून ती किती पैशांत निघाली, मध्ये किती हातांनी आपापला वाटा घेतला, वरचे नाव कोणाचे, या सगळ्याच्या नोंदी असतात. जे माणसांनी वाढवले ते माणसांनी कमी करता येते. तिथे प्रारब्धाचे नाव घेणे म्हणजे आपला आळस देवावर ढकलणे होय.

नावावरून एक गंमत आठवली. आपल्या संप्रदायात नाम सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त. त्याला दाम लागत नाही. औषधाच्या बाजारात नेमके उलटे आहे. तिथे द्रव्य एकच, नावे शंभर, आणि माल महाग होतो तो नावामुळे. त्या द्रव्याचे मूळ नाव पूर्वी पाकिटावर बारीक अक्षरात असे, कंपनीने ठेवलेले नाव ठळक. मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधाला लोक जेनेरिक म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारने जनऔषधी दुकाने काढली. पहिले अमृतसरला नोव्हेंबर २००८ मध्ये उघडले आणि २०२५ च्या सुरुवातीला देशभरातली संख्या पंधरा हजारांवर गेली. बाजारातल्या नावाजलेल्या औषधापेक्षा तिथला भाव ५० ते ८० टक्के कमी असतो असे सरकार सांगते. विणेकऱ्यांचा मुलगा तालुक्याच्या दुकानातून गोळ्या घेऊन आला तेव्हा दुकानदार हिशेबात चुकला असे त्याला वाटले, म्हणून त्याने पावती मला दाखवली. हिशेब बरोबर होता. पूर्वी महिन्याच्या गोळ्यांना जेवढे लागत, तेवढ्यात चार महिन्यांच्या आल्या होत्या. ही गोष्ट आम्हाला कोणी आधी का सांगितली नाही, असे तो म्हणाला. त्याच्या गावात माझी किमान दहा कीर्तने झाली असतील.

आता दानाचे बोलू. आषाढीच्या वाटेवर औषधाला तोटा नसतो. दात्यांचे तंबू, डॉक्टर मंडळींची पथके, सरकारी आरोग्य खात्याच्या गाड्या. पायाला फोड आला तर मलम लावायला चार हात पुढे येतात. ही सेवा खरीच आहे, आणि ती करणाऱ्यांच्या पाया पडावे. पण वारी अठरा-वीस दिवसांची. रक्तदाबाची गोळी वर्षाचे सगळे दिवस मागते. तंबूतून दहा गोळ्यांचे पाकीट घेऊन वारकरी घरी पोचतो. पौर्णिमेच्या काल्यानंतर पाकीट संपते, रोग संपत नाही. दान हे स्वभावानेच नैमित्तिक आहे. एकादशी, पुण्यतिथी, वाढदिवस असे काही निमित्त लागते, आणि हल्ली फोटोही लागतो. जी गरज रोजची आहे ती दुसऱ्याच्या अधूनमधून येणाऱ्या उमाळ्यावर टांगून ठेवली तर माणूस तोंडावर पडतो. आमचे विणेकरी तसेच पडले.

संतचरित्रांत याच्या दोन वाटा दिसतात. तुकोबारायांच्या काळी मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसे अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी येणे असलेली खते काढली, अर्धी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. जे स्वतःचे होते ते सोडले. ही त्यागाची वाट, आणि ती फार थोड्यांना झेपते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी केले ते निराळे. कोठार त्यांचे नव्हते, बेदरच्या बादशहाचे होते. पण ते धान्य रयतेच्याच शेतातून सारा म्हणून गेलेले. दारात माणसे मरत असताना त्यांनी ते उघडले. हे आख्यान मी किती वेळा लावले त्याची गणती नाही, आणि दर वेळी पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला त्या प्रसंगावर रंग भरला. एक बारकावा मात्र उशिरा ध्यानात आला. देवाने बादशहाला शाप दिला नाही की धान्य फुकट होते असेही म्हटले नाही. त्याने मोहरा मोजून दिल्या आणि पावती घेतली. धान्य भुकेल्यांना फुकट मिळाले, पण किंमत कोणीतरी भरली.

आजचे सरकारी औषध फुकट मिळते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हेच सांगायचे आहे. पावती आपणच भरलेली असते. काडेपेटी घेतली तरी त्यात कर आहे. विणेकरीही तो भरतात. मग औषधाचे कपाट उघडणे ही कोणाची कृपा कशी?

हे कोठार नीट कसे चालवावे याची उदाहरणे देशात आहेत. तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. रुग्णालयांना लागणाऱ्या औषधांची यादी करायची, ती मूळ नावाने, कारखान्याकडून एकगठ्ठा घ्यायची, जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक. त्यात रक्कम मांडलेली, तेवढ्याचे औषध गोदामातून उचलायचे. मला सर्वांत आवडली ती तपासणीची रीत. आलेल्या प्रत्येक खेपेतला नमुना प्रयोगशाळेत जातो, पण बनवणाऱ्याचे नाव झाकून जातो. तपासणाऱ्याने औषध पाहायचे, नाव नाही. राजस्थानने हीच पद्धत उचलून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत केली.

यादीचे महत्त्व दिंडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. शिध्याच्या यादीत ज्वारी, डाळ, तेल, मीठ आधी, बुंदीचे पाहू. औषधांचीही अशी यादी असते. जागतिक आरोग्य संघटनेने पहिली १९७७ साली केली. आपल्या देशाची २०२२ ची यादी ३८४ औषधांची आहे, आणि तिच्यातल्या औषधांच्या कमाल किमतीवर सरकारचे बंधन असते. रक्तदाब आणि साखरेच्या साध्या गोळ्या तिच्यात आहेत. म्हणजे हे मीठ-पिठासारखे जिन्नस आहेत हे राज्यकर्त्यांना मान्य आहे.

कोणी म्हणेल, ज्याने औषध शोधले त्याचे काय? त्याचा वाटा बुडवायचा का? दामाजीपंतांच्या आख्यानात बुडवलेला नाही, आणि कायद्यातही नाही. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे एक औषध परदेशी कंपनीच्या पेटंटखाली होते. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी ते बनवण्याची परवानगी हैदराबादच्या एका कंपनीला दिली. खर्च महिन्याला नऊ हजारांच्या आत आला. आणि मूळ कंपनीला विक्रीवर सहा टक्के द्यावेत असेही त्याच आदेशात होते. कोठार उघडले, पावतीही फाडली.

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. निर्णय चांगला आहे. परंतु निर्णय हे नैमित्तिक कर्म आहे, कपाट भरलेले ठेवणे हे नित्य. एका सरकारी रुग्णालयात विणेकऱ्यांना नेले होते तेव्हा हातात चिठ्ठी पडली: बाहेरून आणा. लिहिणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता. त्यांच्याकडे द्यायला खरोखरच काही नव्हते. याहून वाईटही घडले आहे. नागपूर भागात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाचा अंशच नव्हता, असे उघडकीला आले. दुष्काळात कोठार उघडावे आणि पोत्यांत भुसा निघावा, तसे हे. त्यावरून सरकारी औषधच नको असा निष्कर्ष काही जण काढतात. भुसा भरणाऱ्याला सोडून कोठारच बंद करणे मला पटत नाही. नमुना नाव झाकून आणि वेळेवर तपासला जातो का, हे विचारले पाहिजे.

आणि इथे मला गुरुजींचे ते तोट्याचे वाटणारे वाक्य कळते. कपाट रोज भरलेले ठेवल्याबद्दल कोणाला हार घालीत नाहीत. औषध होते, म्हाताऱ्याने घेतले, त्याला काही झाले नाही. यात सांगण्यासारखे काहीच घडले नाही. झटका येतो तेव्हा गाडी, धावपळ, मदतीची यादी, आणि पुढे सत्कार. न आलेल्या झटक्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. पण कपाट रिकामे राहिले तर दोष लागतो, आणि तो एकट्या मंत्र्याला किंवा डॉक्टरला लागून संपत नाही. त्या गावात दहा कीर्तने करून गोळीच्या भावाबद्दल एक शब्द न बोललेल्यालाही लागतो.

गेल्या चैत्रापासून आम्ही तिघे, मी आणि दोन टाळकरी, महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. भांडायला नाही. कोणते औषध आहे, कोणते संपले, मागणी कधी गेली, एवढे विचारतो आणि वहीत लिहितो. पहिल्यांदा गेलो तेव्हा वर्गणी मागायला आलो असे त्यांना वाटले. आता डॉक्टरबाई चहा देतात, मागणीपत्रही दाखवतात. साखरेची गोळी तीन महिने खंड न पडता मिळते आहे. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक मात्र या वेळी नव्हती. मागणी गेली आहे, सोमवारी या, असे त्या म्हणाल्या.

विणेकरी आता बसून हरिपाठ करतात. वीणा उजव्या खांद्याशी टेकवून नातू धरतो, ते नुसती तार छेडतात. काल गेलो होतो तेव्हा त्यांनी डबा उघडून दाखवला. त्या गोळ्या अकरा उरल्या आहेत. आम्ही सोमवारी जाणार आहोत.