निवडणें आणि निवाडा

निवडणें हा शब्द आपल्या घरांत रोज बोलला जातो. गृहिणी सुपांत तांदूळ घेऊन बसते. आधीं ती पाखडते, तेव्हां कोंडा उडून जातो. मग ती निवडते, म्हणजे एकेक खडा वेंचून बाहेर टाकते. पाखडण्यास वारा साहाय्य करितो, परंतु निवडण्यास डोळा व बोट हींच लागतात; कारण पांढरा खडा तांदळासारखाच दिसतो. जें उघड निराळें आहे तें निवडावें लागत नाहीं. जें सारखें दिसतें तेंच निवडावें लागतें.

याच क्रियापदापासून आपल्या भाषेंत दुसरा एक शब्द झाला आहे, तो निवाडा. पंच दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून खरें-खोटें निवडतात आणि मग निवाडा देतात. संस्कृतांतील विवेक या शब्दाचा मूळ अर्थही वेगळें करणें असाच आहे.

आतां येथें एक प्रश्न उत्पन्न होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायाच्या आरंभीं प्रभु येशूनें दुसऱ्यांस दोषी ठरविण्याची मनाई केली आहे. आणि त्याच अध्यायांत पुढें खोट्या संदेष्ट्यांस त्यांच्या फळांवरून ओळखावें असेंही सांगितलें आहे. मग ख्रिस्ती मनुष्यानें निवडावें कीं निवडूं नये?

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत दिआक्रिनो असें एक क्रियापद आहे. मत्तय १६ यांत आभाळाचें रूप ओळखणें या अर्थीं तें येतें. १ करिंथ ११ यांत प्रभुभोजनाच्या वेळीं प्रभूचें शरीर न ओळखणाऱ्यांस पौल त्याच शब्दानें दोष देतो. परंतु प्रेषितांचीं कृत्यें १५ यांत पेत्र म्हणतो कीं, देवानें यहूदी व विदेशी यांत भेद केला नाहीं. तेथेंही हेंच क्रियापद आहे. याकोब २ यांत श्रीमंतास मानाची जागा व दरिद्र्यास पायांपाशीं जागा देणाऱ्या मंडळीला याकोब हाच शब्द लावून दटावितो. एकच क्रिया एके ठिकाणीं कर्तव्य, तर दुसऱ्या ठिकाणीं पाप!

हा विरोध वरवरचा आहे. उपदेश, वर्तन, बातमी, स्वतःचें अंतःकरण हीं निवडलीं पाहिजेत. मनुष्याचा जन्म, जात, वस्त्र व गांव हीं निवडण्याच्या सुपांत घालण्याचीं नव्हेत. भेद ओळखणें निराळें आणि भेद करणें निराळें.

कोणी उपदेशक म्हणेल, “पण मला माणसेंही निवडावीं लागतात. मंडळीचा खजिनदार प्रामाणिक हवा. बाप्तिस्मा मागणाऱ्याची परीक्षा घ्यावी लागते.” हें खरें आहे. परंतु ती परीक्षा फळांवरून व्हावी, आणि फळ येण्यास काळ लागतो. शिवाय “हा या कामास आज योग्य नाहीं” ही निवड झाली. “हा मनुष्यच टाकाऊ” हा निवाडा झाला. तो निवाडा धन्यानें कापणीपर्यंत आपल्या हातीं ठेविला आहे. भाताच्या कोवळ्या रोपांत भातासारखेंच तण उगवतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मत्तय १३ यांतील धनी निदण उपटूं देत नाहीं, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल.

निवडल्यावांचून निवाडा केला म्हणजे काय होतें, हें आपल्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या दिवसांत, गडचिंचले गांवाजवळ जमावानें मोटारींतून जाणाऱ्या दोन साधूंस व त्यांच्या चालकास ठार मारिलें. चोर व मुलें पळविणारे फिरत आहेत अशी आवई त्या भागांत पसरली होती. वाटसरू कोण व चोर कोण, हें कोणी निवडलें नाहीं. एकदम निवाडाच झाला. पुढें दूरदूरच्या लोकांनींही तसेंच केलें. शहानिशा न करितां त्यांनीं तो दोष मुसलमानांवर लादला. तेव्हां राज्याच्या गृहमंत्र्यांस अटक झालेल्या १०१ जणांचीं नांवें प्रसिद्ध करून, त्यांत एकही मुसलमान नाहीं, असें दाखवावें लागलें. पहिल्या आवईनें तीन जीव घेतले. दुसरीनें एका सबंध समाजावर खोटा आळ आणिला.

बंधुभगिनींनो, आज आवई पायीं चालत नाहीं. ती प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलवर क्षणांत येते. ती पुढें धाडण्यापूर्वीं आपण सुपांत घेऊं या. हें कोणीं पाहिलें? सांगणाऱ्यास त्यांत काय लाभ? ज्याच्याविषयीं हें आहे तो समोर असतां मी हें बोलेन काय? आणि शेजारच्या पाड्यावरील, दुसऱ्या जातीच्या अथवा परप्रांतांतून वसई-विरारला पोटासाठीं आलेल्या मनुष्याविषयीं तें असेल, तर दोनदां निवडूं या. कारण परक्याविषयीं वाईट ऐकण्यास आपले कान फार उत्सुक असतात.

इब्री ५ यांत म्हटलें आहे कीं, बरें-वाईट ओळखण्याची शक्ति सरावानें येते. मुलीच्या हातीं प्रथम सूप येतें तेव्हां खडे राहून जातात. पुढें तिचें बोट न चुकतां खड्यावर जातें. तो सराव आपल्या मंडळ्यांत घरोघरीं चालू होवो, आणि शेवटचा निवाडा ज्याचा त्याच्याच हातीं राहो.