पटांगण गोपाळांचे

काल्याच्या कीर्तनात आपण कोणाची कथा सांगतो? गोपाळांची. यमुनेचा काठ, गाई चरावयास सोडलेल्या, शिदोऱ्या एका ठिकाणी गोळा केलेल्या, आणि मग चेंडू, हमामा, हुतूतू, फुगडी. परब्रह्म खेळावयास उतरले ते राजवाड्याच्या फरशीवर नव्हे, गावाच्या गायरानात. आमच्या संतांनीही चेंडूफळी, विटीदांडू, फुगडी, हुतूतू या खेळांवर अभंग केले आहेत. तुकोबांच्या गाथेत तर या खेळांची वेगळी प्रकरणेच आहेत. तेव्हा खेळ ही आपल्या संप्रदायाला परकी गोष्ट नाही. परंतु मी आज सांगणार आहे ती खेळाची नव्हे, खेळायच्या जागेची गोष्ट. ती मला एका लहान मुलाच्या पायामुळे कळली.

डहाणूहून तलासरीच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका गावी चैत्रातल्या सप्ताहात काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. गावाचे नाव घेत नाही. दोष गावाचा नाही; जो आहे तो आम्हां टाळकऱ्यांचा आहे. मंडप दरवर्षीप्रमाणे शाळेच्या पटांगणावर घातला होता. मी गोपाळांचे खेळ रंगवून सांगितले, हंडी फुटली, लाह्या उधळल्या, मुले धावली. त्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा धावता धावता एकदम कोसळला. मागल्या वर्षीच्या मंडपाच्या खांबाचा खड्डा गवताने झाकला होता, त्यात त्याचा पाय घोट्यापर्यंत गेला होता.

पाय सुजला, पण हाड शाबूत होते. मंडळींतले कोणीतरी सवयीने म्हणाले, "पांडुरंगाची कृपा!" त्या मुलाची आजी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. तिने वरही पाहिले नाही. म्हणाली, "कृपा खरी, महाराज. पण खड्डा काही पांडुरंगानं खणला नव्हता."

माझे तासाभराचे कीर्तन त्या एका वाक्यापुढे फिके पडले. खोटे कशाला बोलू?

दुपारी ऊन उतरल्यावर मी पटांगण फिरून पाहिले. तीन वर्षे सप्ताह तेथे होत होता. दरवर्षी चाळीस-पन्नास खड्डे खणायचे, काल्याच्या दुसऱ्या दिवशी खांब उपटायचे, आणि वर माती ओढल्यासारखे करून निघायचे. पहिल्या पावसात ती माती खाली बसते आणि खड्डा पुन्हा तोंड उघडतो. पंगतीच्या चुलवणांची राख, खिळे, तारेचे तुकडे, पत्रावळींचा कुजका थर, हे सगळे आमचे. बाकीचे मात्र आमचे नव्हते. रस्त्याच्या कामाची खडी कोणा ठेकेदाराने एका कोपऱ्यात ओतली होती, तिच्यावर टाकळा उगवून वाळला होता. घसरगुंडीचा पत्रा मधोमध फाटून त्याच्या कडा वर आल्या होत्या. झोक्याचे दोन खांब उभे होते आणि झोका नव्हता. पाण्याला वाट नसल्यामुळे पावसाळ्यात तेथे डबके साचते, असे मास्तरांनी सांगितले.

संध्याकाळी ओट्यावर बसणे झाले, त्यात हा विषय निघाला आणि तीन मते पडली. प्रत्येक मत एकेका भल्या माणसाचे होते, म्हणून ती तिन्ही सांगतो.

विणेकरीबुवा म्हणाले, "महाराज, हा प्रपंचाचा भाग. मैदान, रस्ता, गटार यांत वारकऱ्यानं गुंतायचं तर नामस्मरण केव्हा करायचं?" शिवाय सप्ताहाची शिल्लक होती तिच्यातून पुढल्या वर्षी कमान करावयाची असे ठरले होते. देवाच्या नावाने मिळालेला पैसा मुरमात कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, की पटांगण सार्वजनिक आहे, तीन अर्ज झालेत, ज्याचे काम त्याने करावे. आपण करून टाकले तर उद्या शाळेचे छप्परही आपल्याच गळ्यात येईल. तिसरा तरुण उत्साही होता. तो म्हणाला, "त्यात काय आहे? पाड्यावर निरोप देऊ, श्रमदान करू. शंभर माणसं आली की एका दिवसात काम फत्ते."

एक वारली म्हातारबाबा उंबरठ्याशी बसले होते. ते हळूच म्हणाले, "बिनपैशाचं काम पूर्वीही निरोप देऊनच करवून घेत होते."

ओटा गप्प झाला. ज्यांना या मुलखाचा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या डोंगरपट्टीत जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार आदिवासींकडून वेठ घेत. शेत मालकाचे, घाम वारल्याचा, आणि मोबदला शिवी. मे 1945 मध्ये, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे, किसान सभेच्या पुढाकाराने हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्यांची मते आणि आपली मते वेगळी असोत. परंतु ज्याच्या घरात वेठीची आठवण आहे त्याला 'श्रमदानाला या' असा निरोप धाडण्यापूर्वी, दान कोण करतो आहे आणि कोणाच्या श्रमाचे, हे धाडणाऱ्याने मनाशी विचारले पाहिजे. आम्ही खणलेले खड्डे त्यांनी बुजवायचे, आणि पुण्यात मात्र आमची नावे! गाडगेबाबांचा खराटा आपण सारे आठवतो. पण गावात शिरल्यावर तो खराटा आधी त्यांच्या स्वतःच्या हातात असे, हे सोयीस्करपणे विसरतो.

आता विणेकरीबुवांचे म्हणणे. त्यांना मी गोरोबाकाकांची आठवण दिली. काका चिखल तुडवीत भजनात तल्लीन झाले आणि तान्हे मूल पायाखाली आले. ही कथा आपण डोळे पुसत सांगतो. देवाने मूल परत दिले, हेही सांगतो. काकांना बोल लावण्याची माझी योग्यता नाही. परंतु ती तल्लीनता गोरोबांची होती. आपले तसे आहे काय? खांब उपटून ट्रकवर चढवताना आपण नामात तल्लीन नव्हतो. घरी जायच्या घाईत होतो. घाईला वैराग्य म्हणू नये. ज्यांची समाधी लागते त्यांच्यासाठी देव धावून येतो, आपल्यासारख्यांनी खड्डा बुजवावा हे बरे.

आणि रिंगणाचे पाहा. माउलींच्या पालखीच्या वाटेवर पुरंदवडे-सदाशिवनगरला गोल रिंगण होते. अश्व दौडायचा म्हणून जागा मोकळी ठेवतात, नीट करतात. त्याच्या टापांखालची धूळ आपण कपाळी लावतो. या मुलखात वारली मंडळी तारप्याच्या भोवती हातात हात घालून फेर धरतात, तोही मोकळ्या, साफ अंगणातच; गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो फेर चित्रांतून साऱ्या जगाला दाखवला. घोड्यासाठी जागा झाडायची, नाचासाठी झाडायची, आणि पोरांसाठी झाडायची म्हटली की प्रपंच आडवा येतो, हे काय गौडबंगाल आहे, बुवा?

याच डहाणू तालुक्यात या बाबतीत फार मोठे काम होऊन गेले आहे, ते येथल्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तर या बाया मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द त्यातून रूढ झाला. मोठी मुले गुरांमागे जात, तर शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरताहेत, मुले खेळताहेत, आणि त्यातच शिकताहेत! मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तर गोकुळच आठवले. भिंत आणि छप्पर यांच्या आधी मुलाला जागा लागते, हे त्या दोघींनी ओळखले होते. सरकारलाही ते उशिरा का होईना पटले. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यात शाळेला काय काय हवे याची यादी आहे, तिच्यात खेळाचे मैदान आहे. म्हणजे मैदान मागणे ही भीक नव्हे.

मोकळ्या जागेची किंमत या गावांना आणखी एकदा कळली होती. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपास त्यांचा जोर होता. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 इतका होता. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, तंबूत झोपले, मुलांचे वर्ग उघड्यावर भरले. तेव्हा ज्या भिंतींची आपल्याला एवढी माया त्यांच्याखाली बसायला कोणी धजेना. "त्या दिवसांत आम्ही याच पटांगणात निजत होतो," मुलाची ती आजीच म्हणाली. मग धरणी शांत झाली, आणि आम्ही तेथे खांब रोवायला आलो.

असो. ओट्यावर शेवटी जे ठरले ते असे. गावकी आणि सरकार यांच्या कामात गल्लत करायची नाही. जे आम्ही बिघडवले ते आमचे ऋण. ते आम्हीच, आमच्या हातांनी फेडायचे, आणि त्याला सेवा किंवा श्रमदान असे गोड नाव द्यायचे नाही. उसने भांडे परत करताना घासून देतात, त्याला कोणी दानधर्म म्हणत नाही. खडीचा ढीग, घसरगुंडी, झोका हे ज्यांच्याकडून यायचे त्यांच्याकडूनच मागायचे, आणि थकायचे नाही. पैशाचा प्रश्न विणेकरीबुवांनीच सोडवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांना विचारले, की कमान करू की आपण केलेले खड्डे भरू? परस्पर खर्च केला नाही, हे मला फार आवडले. दोघांनी कमान म्हटले. त्यांची रक्कम कमानीसाठी बाजूला ठेवली.

वैशाखात, शाळेला सुटी लागल्यावर, आम्ही अकरा टाळकरी पाच दिवस राबलो. खड्डा नुसता भरून चालत नाही हे तेथे कळले. आतले कुजके गवत काढायचे, माती चार बोटे घालायची, पाणी मारून धुमसायची, मग पुन्हा चार बोटे. तारा आणि खिळे वेचायला सर्वांत जास्त वेळ गेला. बुवांची पिशवी दोनदा भरली. वर मुरमाचा पातळ थर पसरून दगडी रोळा फिरवला. पाण्याला उतार आम्ही पूर्वेकडे दिला होता. तिसऱ्या दिवशी ते म्हातारबाबा आले, काठी टेकून थोडा वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "इकडं दिलंत तर पाणी माझ्या खाचरात गाळ घेऊन येईल. पश्चिमेला ओहळ आहे, तिकडं द्या. मीटरमागं बोटभर पुरे, जास्त दिलात तर मुरूम धुपेल." जन्मभर भाताच्या खाचरात पाणी खेळवलेला माणूस तो. आम्ही चर फिरवून घेतली. त्यांना फावड्याला हात लावू दिला नाही; चहा मात्र त्यांच्या घरून आला.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी मास्तरांनी फोन करून सांगितले, की पाणी तासाभरात वाहून गेले. आणि एक तक्रारही कळवली. पोरे म्हणतात, सगळेच सपाट केलेत, गोट्या खेळायच्या कोठे? तेव्हा त्यांनी स्वतःच चिंचेखाली एक गल खणली आहे. ती बुजवायची नाही असे मंडळाने ठरवले आहे. पुढल्या सप्ताहाला खांब जमिनीत न पुरता वाळू भरलेल्या डब्यांत उभे करायचे, हेही ठरले आहे. डबे गोळा करणे चालू आहे, कोणाकडे रिकामे तेलाचे मोठे डबे असल्यास विणेकरीबुवांना द्यावेत.

सरकारी कामाचे तेवढे सांगायचे राहिले. आधीच्या तीन अर्जांचे काय झाले याचा शोध घेता कळले, की सातबारा कोणी पाहिलाच नव्हता; जागा शाळेची की गावठाणाची हे अर्जात लिहिले नसल्यामुळे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. आता उतारा काढला आहे. हा सगळा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख, 1996 चा पेसा कायदा येथे लागू आहे, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. म्हणून अर्ज मंडळाने न देता ग्रामसभेने ठराव करून द्यावा असे सुचवले. ठराव ती आजी मांडणार होती, आणि तिने मांडला. खडीचा ढीग आठवड्यात उचलला गेला. घसरगुंडीचा फाटका पत्रा काढला आहे, नवा बसायचा आहे. झोक्याचे खांब अजून तसेच मोकळे उभे आहेत. त्या मुलाचा पाय बरा आहे. तो त्या खांबांवर चढतो, असे कळते. पुढील ग्रामसभेत झोक्याचे विचारायचे आहे, आणि जवळपासच्या वारकरी मंडळींनी त्या दिवशी हजर राहावे.